नारूचा सिनेमा

भुताचा सिनेमा लोक तिकीट काढून बघतात. मी फुकट दाखवला. सरकारी जीपमधून, गावोगाव, दिवस बुडाला की. माझ्या सिनेमात भूत नव्हतं, एका बाईचा पाय होता. पण त्या पायाला लोक जेवढे भ्याले, तेवढे माळेगावच्या जत्रेत तंबूतल्या भुताला भ्यालेले मी बघितले न्हाईत.

माझी शाळा तिसरीपर्यंत. लिहिण्यात चुका निघतील, निघू द्या. शिकलेल्या माणसाकडून लिहून घ्या असं एकानं सुचवलं होतं. मी म्हटलं, बघितलं मी, भोगलं मी, अन् लिहिणार तो? त्याचा काय संबंध?

आता नारू म्हणजे काय हे सांगावं लागतं. आजकालच्या पोरांना तो शब्दच ठाऊक न्हाई. नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांब किडा. पाण्यातून पोटात जातो, वर्षभर अंगात हिंडतो, अन् उन्हाळ्याच्या तोंडाला पायातून बाहेर निघतो. आधी फोड येतो. त्याची आग अशी, की माणूस पाय पाण्यात घातल्याशिवाय राहत न्हाई. पाण्यात घातला की फोड फुटतो अन् किड्याची पिल्लं पाण्यात पडतात. तेच पाणी गाव पितं. निघालेलं टोक काडीला गुंडाळायचं अन् रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली अन् किडा तुटला तर पाय सुजतो, सडतो. विहिरीवर पोहऱ्यानं पाणी काढलं तर एवढं होत न्हाई. पण आमच्याकडं बारवा. पायऱ्या उतरून खाली जायचं, पाण्यात पाय घालून उभं राहायचं अन् घागर बुडवायची.

माझं गाव कंधारच्या अंगाला. आमच्या वस्तीला गावच्या बारवेत उतरायची माझ्या बापाच्या जमान्यात बंदी होती. वर उभं राहायचं, कुणी वाढलं तर पाणी घ्यायचं. पुढं कायदा आला, आम्ही बौद्ध झालो, भांडणं झाली, अन् मग कुठं त्या पायरीवर पाय पडला. माझी बायको लग्न होऊन आली तेव्हा बारव मोकळी झाली होती. ती नुसती उतरायची न्हाई, पार शेवटच्या पायरीवर जायची अन् गुडघाभर पाण्यात उभी राहायची. मी म्हणायचो, वरूनच भर की. तर म्हणायची, "का? तुमच्या बापाला मिळालं न्हाई ते मी कशाला सोडू?"

नारू झाला तो तिथंच.

त्या साली पाऊस न्हाईच. त्याच्या आदल्या साली पण नावालाच. बारवेत तळाला हिरवं पाणी अन् गाव सगळं त्याच्यावर. घरोघर एकाचा तरी पाय काडीला बांधलेला. अशात पुण्याकडून तीन-चार माणसं जीप घेऊन आली. त्यांना सिनेमा काढायचा होता, नारूवर. ग्रामसेवकानं त्यांना थेट आमच्या दारात आणलं, कारण माझ्या बायकोचा नारू सगळ्यांत लांब निघाला होता.

ती लिंबाखाली बसली होती. पाय पालथ्या टोपल्यावर. तो माणूस खांद्यावर मशीन घेऊन गुडघ्यावर बसला अन् पायाला मशीन लावलं. घोट्यावर तिच्या विंचू गोंदलेला, त्याच्या खालून नारू निघालेला. किती तरी वेळ तो नुसता पायच काढत होता. मी बाजूला उभा. ती बोलली.

"पायाचाच फोटू काढलालाव व्हय? तोंडाला काय इटाळ झालाय माझ्या?"

तो माणूस आधी दचकला, मग हसला, अन् त्यानं मशीन वर उचललं. तशी ही पण हसायला लागली. पदर तोंडाला लावायचा ते तिच्या उशिरा ध्यानात आलं. एवढा पाय दुखत असताना अशी हसली, की दावणीचं वासरू कान टवकारून बघायला लागलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. ती तशीच दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. नारू तुटला, पाय फुगला. मातीत काम, उघडी जखम, धनुर्वात झाला. नांदेडच्या दवाखान्यात नेली. परत आणली ती गेलेलीच आणली. मूलबाळ नव्हतं. फोटो एक पण नव्हता, लग्नाचा सुद्धा न्हाई. आमच्यात तवा फोटो काढायची ऐपत नव्हती अन् रीत पण नव्हती.

गावात राहवेना. त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला होता. उस्मानाबादेतून तोडून वेगळा काढलेला. रोज कुठंतरी नवी पाटी लागायची, भाड्याच्या घरात कचेऱ्या, टेबल-खुर्च्या बैलगाडीतून यायच्या. हमालीला माणूस लागायचा. मी गेलो. एक दिवस आरोग्य खात्याच्या कचेरीत एक जड लोखंडी पेटी आणून ठेवली. तिथल्या साहेबानं विचारलं, "जपून उचललीत. पुन्हा उचलाल का? रोज?" त्या पेटीत सिनेमाचं मशीन होतं. असा मी प्रचाराच्या गाडीवर लागलो. आधी नुसतं सामान वाहायचो. जनरेटर, पडद्याच्या काठ्या, भोंगा. मशीन चालवणारा माणूस पुढं बदली होऊन गेला अन् मशीन माझ्याकडं आलं. बघून बघून शिकलो. ड्रायव्हर होता नांदेडचा, माझ्याच वयाचा. माझी शाळा कळल्यापासून तो मला मास्तर म्हणायचा.

"चला मास्तर, शिकवायला चला."

"तू नीट हाक. मला शिकवू नको."

पहिल्यांदा तो सिनेमा मी कचेरीतच बघितला. खिडक्यांना सतरंज्या लावून, भिंतीवर. आधी सुकलेली जमीन, मग बारव, मग पाय. भिंतभर पाय. घोट्यावरचा विंचू मी ओळखला. मग फोटू काढणाऱ्याचं मशीन वर गेलं अन् ती दिसली. ती बोलली, ओठ हलले, हसली. पण आवाज तिचा न्हाई. आवाज कुणा भरदार गळ्याच्या बाप्याचा. ती हसत होती अन् तो सांगत होता, "अज्ञान आणि अस्वच्छता, हेच या रोगाचे खरे कारण."

 नव्या कचेरीत, नव्या माणसांत, माझं घरचं दुःख टेबलावर मांडायला मला जमलं नसतं. अन् खरं सांगायचं तर दुसरी पण गोष्ट होती. सांगितलं असतं तर कुणी म्हटलं असतं, याला दुसऱ्या कामावर लावा. मग ती कुठं दिसली असती?

गावात पडदा लावायचा तो मैदानाच्या मधोमध. मांजरपाटाचा पांढरा पडदा, दोन काठ्यांना ताणलेला. पुढच्या अंगाला गडी, पाठीमागच्या अंगाला बाया. चित्र दोन्हीकडून दिसतं, फक्त उजवं-डावं उलटं. बायकांना तिचा डावा पाय उजवा दिसायचा. जनरेटर सुरू झाला की पोरं नाचायची. मग पाय आला की सगळं चिडीचूप. मग कुठून तरी "ई ऽ" असा आवाज. मग पोरं रडायची. गडीमाणसं मान फिरवायची. मी जत्रेतल्या तंबूत बघितलंय, भूत आलं की लोक ओरडतात अन् लगेच हसतात, शेजाऱ्याला ढकलतात, बाहेर येऊन भजी खातात. त्यांना ठाऊक असतं, भूत तंबूतच राहणार. इथं तसं नव्हतं. सिनेमा संपल्यावर प्रत्येक जण आपल्या घरातल्या घागरीकडं परत जायचा होता. माणसं उठून जाताना एकमेकांशी बोलायची पण न्हाईत.

भ्यायला पाहिजेच होतं. मी त्याच्या विरोधात न्हाई. माझं घर त्या किड्यानं खाल्लं. कुणी भिऊन बारव सोडली असती तर मला बरंच वाटलं असतं. पण ते अज्ञानाचं वाक्य आलं, की माझ्या कानात शिसं ओतल्यासारखं व्हायचं. ती अज्ञानी नव्हती. ती पाण्यात उभी राहिली ते तिला अक्कल नव्हती म्हणून न्हाई. आमच्या वस्तीला त्या पायरीवर उभं राहता येतं, हे ती रोज सगळ्या गावाला दाखवत होती. हे त्या भरदार गळ्याच्या माणसाला कोण सांगणार?

मग मी एक केलं. तिचं तोंड आलं की मशीनचा आवाजाचा खटका खाली करायचा. ती हसून पदर लावेपर्यंत गप्प. मग पुन्हा आवाज. कुणाला काही कळलं न्हाई. ड्रायव्हरनं एकदा विचारलं, मी म्हटलं, रीळ तिथं खराब हाय. त्या तेवढ्या वेळात जनरेटरची घरघर अन् पडद्यावर ती. दिवसभर जीपमध्ये धूळ खायची, कुणाच्या ओट्यावर भाकर खायची, कुणाशी बोलायचं न्हाई. सगळा दिवस त्या तेवढ्यासाठी.

पण लोकांना काय दिसलं ते मला दिसलं न्हाई.

अहमदपूरच्या बाजूला एका गावात पडदा ताणत होतो. एक गडी आला अन् म्हणाला, "हडळीचा सिनेमा आणलाव का?"

मी म्हटलं, "कसली हडळ? नारूचा हाय."

"तीच की. पायातून किडा काढती अन् हसती. हसाया लागली की आवाज जातो, कान बंद व्हत्यात म्हणं. खरं हाय का?"

मी त्याला हाकलून दिला. पण गोष्ट पुढं गेलेली होती. आमची जीप एका गावाहून दुसऱ्या गावाला जाईपर्यंत हडळ तिथं आधीच पोचलेली असायची. कुठं म्हणत, ती बारवेतच राहती. कुठं म्हणत, घागर बुडवली की खालून पाय धरती. बारवेच्या कडेला लिंबू, हळद-कुंकू दिसायला लागलं. लातूरच्या एका पेपरानं बातमी छापली, सरकारी सिनेमात हडळ, अन् पुढं प्रश्नाचं चिन्ह टाकून दिलं. ते चिन्ह कोण वाचतो? हाटेलात एक जण मोठ्यानं वाचायचा अन् बाकीचे ऐकायचे. छापून आलं म्हणजे काहीतरी असंलच, असं म्हणायचे.

साहेबानं मला बोलावलं. माणूस तरुण, पुण्याकडचा, वाईट नव्हता. गावात गेला की जमिनीवर बसायचा. टेबलावर पेपर होता.

"तुम्ही तिथं आवाज बंद करता?"

"रीळ खराब हाय तिथं."

 मला वाटलं आता काढतोय कामावरून. तर तो हसला.

"राहू द्या तसंच. गेली दोन वर्षं आम्ही घरोघर जाऊन सांगतोय, बारवेचं पाणी पिऊ नका. कोणी ऐकलं नाही. आता बायका आपण होऊन लांबच्या हापशावर जातायत. अहो, भीती बसायला पाहिजे. अक्कल मागाहून येते."

"पण साहेब, त्या बाईला हडळ म्हणतेत."

"पडद्यावरची बाई. ती हडळ झाली आणि गावाचे पाय वाचले, तर कुणाचं काय बिघडलं?"

तो वाईट हेतूनं बोलला न्हाई. मी बाहेर आलो, जीपच्या बोनेटवर हात ठेवून उभा राहिलो. बोनेट तापलेलं होतं, ते पण कळलं न्हाई. बारवा बंद व्हाव्यात असं मला वाटत होतं. तिला कुणी हडळ म्हणू नये असं पण वाटत होतं. दोन्ही एकदम मिळेनात. आवाज चालू केला तर ती अडाणी. बंद ठेवला तर हडळ. माझी बायको कुठंच न्हाई.

पुढं काही दिवस मी तसाच सिनेमा दाखवत राहिलो. आता तो साहेबाचा हुकूमच होता.

मग उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या सीमेजवळच्या एका गावात गेलो. दुपारीच पोचलो. पाण्याचा टँकर चार दिवस आलेला नव्हता. हापसा एक, तो पण कोरडा. पडदा बांधायला दोरी कमी पडली म्हणून मी एका घराच्या मागं गेलो. तिथं गोठ्यात एक पोरगी बसलेली. नवी सून. पाय पुढं केलेला, काडीला नारू गुंडाळलेला. जनावरं चाऱ्याअभावी विकलेली, गोठा रिकामा, त्यात ती एकटी. शेजारी मातीचं भांडं, वरून पाणी ओतायचं, हातात द्यायचं न्हाई, असं दिसत होतं.

मी विचारलं, "इथं का बसलीस, बाई?"

 तिची सासू आली. म्हातारी, गळ्यात लिंगाची डबी, कपाळाला भस्म. तीच बोलली.

"घरात लहान लेकरं हायेत, अप्पा. हिचा हडळीचा पाय हाय. तुमच्याच सिनेमात हाय म्हणं की. पलीकडच्या गावच्या बाया बघून आल्यात."

"सिनेमात हडळ न्हाई."

"मग ती हसती कशाला? इतका पाय सडल्यावर कुणी हसतंय का? तुम्ही हसाल का?"

त्या पोरीनं तेवढ्यात माझ्याकडं बघितलं. तिला पण तेच विचारायचं होतं. ती बाई हसती कशाला.

मी दोरी घेऊन परत आलो. जनरेटरमध्ये तेल ओतताना निम्मं बाहेर सांडलं. ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, तब्येत बरी न्हाई का?" मी म्हटलं, बरी हाय.

दिवस बुडाला. सगळं गाव आलं. सून आली न्हाई, पण गोठ्यातून पडदा दिसत होता. सुकलेली जमीन झाली, बारव झाली, पाय आला. पाठीमागून बायकांचा तो आवाज आला. मशीन तोंडावर गेलं. मी आवाज खाली केला, अन् गाव मरणाचं गप्प झालं. कुणीतरी पोराचे डोळे झाकले. मग मी माईक घेतला. गावाला सूचना द्यायला माईक होता आमच्याकडं, सिनेमाच्या आधी बोलायचा.

मी म्हटलं, "ही हडळ न्हाई. ही माझी बायको हाय."

भोंग्यातून माझाच आवाज मला परका वाटला. लोक इकडं तिकडं बघायला लागले. मी मशीन उलटं फिरवलं. पदर खाली आला, हसू मिटलं, पाय परत आला. मग पुन्हा सुलटं सोडलं.

"ती काय बोलती ते सांगतो. फोटू काढणारा नुसता पायच काढून राहिला होता. तवा ती त्याला म्हणली, पायाचाच फोटू काढलालाव व्हय? तोंडाला काय इटाळ झालाय माझ्या? अन् मग हसली. बगा आता."

ती हसली, पदर तोंडाला गेला.

 मग पाठीमागून, बायकांच्या बाजूनं, एक जण खुदकन हसली. मग दुसरी. कुणीतरी म्हटलं, "बरं म्हणली की!" मग सगळ्याच बाया हसायला लागल्या. गड्यांच्या बाजूला कमी हसू आलं. इटाळाचं बोलणं त्यांना कळलं असणार, कुठं लागायचं तिथं लागलं असणार.

एक बाई ओरडली, "पुन्यांदा दाखवा की!"

मी पुन्हा दाखवलं. त्यांनी म्हटलं तितक्यांदा दाखवलं.

शेवटी एवढंच म्हटलं, की हिचा नारू तुटला अन् ती गेली. बारवेत पाय घालू नका, पाणी गाळून प्या. मग रीळ संपलं. सामान गोळा करताना ड्रायव्हर जवळ आला. त्यानं मास्तर म्हटलं न्हाई. "यार, इतके दिवस बाजूला बसून राहिलास अन् एक शब्द न्हाई?" एवढंच म्हणाला अन् जनरेटर एकट्यानं उचलून जीपमध्ये टाकला.

आम्ही गावच्या शाळेत झोपलो. तांबडं फुटताना घागरींचा आवाज आला म्हणून मी उठलो. बाया रांगेनं बारवेकडं चाललेल्या. पुढं ती म्हातारी सासू.

मी पळत जाऊन पायरीवर आडवा उभा राहिलो. "रात्री काय सांगितलं मी? कुठं निघालाव?"

म्हातारी थांबली. "अप्पा, टँकर न्हाई. हापसा कोरडा. हडळीला भ्यालो म्हणून लेकरं चार दिस घोट घोट पाण्यावर ठेवली. आता तुमच्या मालकिणीला काय भ्यायचं? ती तर आपल्यातलीच बाई निघाली."

 साहेबाचं बोलणं खरं ठरलं होतं. हडळ गेली अन् तिच्यासंगं भीती पण गेली.

पण मी हटलो न्हाई. हटायचा स्वभावच न्हाई माझा. बायांना थांबा म्हणून मी शाळेत परत गेलो, जीपमधून पडदा काढला अन् कडेपासून फाडला. मांजरपाट जाड, दुहेरी घडी केली की त्यातून किडा जात न्हाई. दीड वर्ष प्रत्येक गावात भोंग्यावर तेच तर सांगत होतो. ड्रायव्हर ओरडला, "अरे सरकारी हाय ते!" मी म्हटलं, सरकारला सांग मी फाडलं म्हणून.

बारवेच्या पाण्याला लागून एक पायरी कोरडी होती, तिच्यावर मी बसलो. म्हटलं, पाण्यात कुणी पाय घालायचा न्हाई. इथून वाकून मी भरून देतो, अन् तुमच्या घागरीत गाळून देतो.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. का ते मला कळलं. रात्री इटाळाचं ऐकून मी कोण ते त्यांना पण कळलेलं होतं. एक जण हळूच म्हणाली, "कापड कुणाचं हाय?"

"सिनेमाचं हाय," मी म्हटलं. "सरकारचं. अन् भरणारा हात माझा हाय. पटत असंल तर घागर ठेवा, न्हाईतर टँकरची वाट बघा."

दोघी-तिघी घागरी घेऊन परत फिरल्या. बाकीच्या उभ्या राहिल्या. म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं. मग घागर माझ्यापुढं ठेवली अन् चिडूनच म्हणाली, "भरा. उन्हं चढू लालीत." मी घागरीच्या तोंडाला कापड बांधलं अन् ओतलं. हिरवट घाण वर राहिली. ती वाकून बघत होती. "हेच पीत होतो की काय आपण," असं स्वतःशीच म्हणाली. पाठोपाठ दुसरी घागर आली. उन्हं डोक्यावर येईस्तोवर मी भरत होतो. जाताना तो पडद्याचा तुकडा मी म्हातारीकडं दिला. सून गोठ्यातून घरात आली का न्हाई, मला ठाऊक न्हाई. मी विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, म्हणून मी विचारलंच न्हाई.

लातूरला आल्यावर ड्रायव्हरकडून सगळं कळलं तसं साहेबानं बोलावलं. पडद्याबद्दल एक शब्द बोलला न्हाई. खुर्चीतून उठून उभा राहिला. माझ्यासाठी कुणी साहेब उभा राहिलेला बघायची मला सवय नव्हती.

"मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "मी काय काय बोललो तुम्हाला."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"मी सगळं बघतो. यापुढं कोणी त्यांना काही म्हणणार नाही."

त्यानं शब्द पाळला. खरंच पाळला. पुण्याला पत्र गेलं, जुनी रिळं परत गेली, महिना-दीड महिन्यानं नवीन आली. मी कचेरीतच सतरंज्या लावून बघितली. सुकलेली जमीन, बारव, पाय. मग मशीन वर जायची वेळ झाली, तर एकदम हापसा आला अन् हसरी शाळेची पोरं पाणी पिताना. अज्ञानाचं वाक्य पण काढलं होतं. तोंड काढलं होतं. माझ्या बायकोची अब्रू राखली होती त्यांनी.

साहेब शेजारी उभा होता. "आता बरं वाटतंय ना?"

तो एवढ्या मनापासून विचारत होता. मी काय म्हणायचं? जुनं रीळ मला पाहिजे होतं, असं म्हणायचं? त्यानं आणून पण दिलं असतं कदाचित. पण मागणं मला कधी जमलं न्हाई, अन् त्या माणसाचं तोंड बघून तर मुळीच जमलं न्हाई. मी म्हटलं, "बरं झालं, साहेब."

पुढं नारू संपेपर्यंत मी तेच रीळ दाखवलं. लातूर, उदगीर, निलंगा, देवणी. नवा पडदा, नवा जनरेटर. ड्रायव्हर बदलून गेला. लोक भ्यायचे, पण आधीसारखे न्हाई. हडळ कुणी म्हटलं न्हाई. गावोगाव हापसे झाले, बारवांवर जाळ्या बसल्या, कुठं कुठं त्या बुजवल्या. मग एका साली साहेब म्हणाला, आता नारूचा रोगी सापडत न्हाई. दुसरा साहेब होता तो. सिनेमा बंद झाला, मशीन कपाटात गेलं, मला गेटवर बसवलं. तिथूनच रिटायर झालो.

आता लातुरात एका खोलीत राहतो. शेजारी टीव्हीवर दिवसभर काही ना काही भ्यायचं चालू असतं. बातम्या पण तशाच, ढम ढम वाजवून सांगतात. मला त्यात कुणाचं तोंड दिसलं, बाईचं, बापाचं, रडणारं, की मी विचार करतो, हे खरं काय बोलून राहिलं असंल? वरून तर दुसराच बोलतोय. मग मी उठून दार लावून घेतो.

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी थोडा वेळ अंधार असतो खोलीत. तेव्हा तिला आठवायला बसतो. जुनं रीळ मी दीडेक वर्ष बघितलं असंल, नवीन कितीतरी साल. तोंड आणायला जातो अन् पायच येतो. विंचू येतो, काडी येते, काडीला गुंडाळलेला तो पांढरा दोरा येतो. मी थांबतो, आता मशीन वर जाईल म्हणून वाट बघतो. ते जात न्हाई.